स्ट्रिपवरचं ‘क्यू. एस.’ : गोळीत औषधाशिवाय अजून काय काय असतं?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन काढता येत नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना जे ‘अं… अं…’ झालं ते काढलंय, दोन-चार गोष्टी नीट तपासून वाढवल्यात. बाकी गप्पा त्याच.

आधी एक काम करा. घरात औषधांचा डबा असेलच. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, किंवा फ्रीजवरची ती प्लास्टिकची टोपली. त्यातली कुठलीही एक स्ट्रिप घ्या आणि मागे छापलेली बारीक अक्षरं वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा, नुसत्या डोळ्यांनी नाही जमायचं. औषधाचं नाव दिसेल, किती मिलिग्रॅम ते दिसेल, आणि त्याखाली बहुतेक वेळा एक ओळ: ‘एक्सिपिएन्ट्स, क्यू. एस.’ हे क्यू. एस. म्हणजे लॅटिन भाषेतलं संक्षिप्त रूप. अर्थ साधा आहे: ‘लागेल तेवढं’. आपल्या आया-आज्या पाककृती सांगताना ‘मीठ चवीपुरतं’ म्हणतात ना, तसंच.

म्हणजे औषध किती ते मिलिग्रॅमपर्यंत मोजून सांगितलं, आणि बाकीचं काय आहे ते ‘लागेल तेवढं’ म्हणून सोडून दिलं. हे ‘बाकीचं’ म्हणजे आजचा विषय.

गोळीत औषध किती?

थायरॉइडची गोळी घ्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आई, मावशी, बहीण, कोणी ना कोणी सकाळी उपाशीपोटी ती घेतं. ५० मायक्रोग्रॅमची गोळी. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. गोळीचं एकूण वजन धरा साधारण १०० मिलिग्रॅम. हिशेब केला तर गोळीच्या दोन हजार भागांपैकी एक भाग औषध, आणि बाकी एक हजार नऊशे नव्व्याण्णव भाग दुसरंच काहीतरी! नुसतं औषध हातावर ठेवलं असतं तर ते दिसलंही नसतं. उचलणार कसं, मोजणार कसं, आणि गिळणार कसं?

पॅरासिटामॉलची गोष्ट उलटी. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत बहुतांश औषधच असतं. पण तिथेही नुसती पावडर दाबून गोळी होत नाही, भुगा होतो. ज्याने बेसनाचे लाडू वळलेत त्याला हे कळेल. तूप कमी पडलं की लाडू हातात बसतच नाही.

तर एक्सिपिएन्ट म्हणजे गोळीतला, सिरपमधला किंवा क्रीममधला असा घटक जो स्वतः आजार बरा करायला घातलेला नाही. मराठीत ‘सहायक घटक’ म्हणू. पण सहायक म्हणजे बिनकामाचा, असं समजू नका. पेटी-तबल्याशिवाय गाणं होतं, सहायक घटकाशिवाय गोळी होत नाही.

आणि गंमत अशी, की यातले कितीतरी घटक आपल्या स्वयंपाकघरातले, शेतातले, जंगलातले आहेत.

खळ, साबुदाणा आणि मोदकाचा साचा

सगळ्यात जुना आणि अजूनही सगळीकडे दिसणारा घटक म्हणजे स्टार्च. मक्याचा, बटाट्याचा. घरात मंचुरियनला लावता ते कॉर्नफ्लॉवर त्याचंच भावंड. स्टार्च गरम पाण्यात शिजवला की खळ होते. लहानपणी पतंग चिकटवायला, आजोबांच्या धोतराला कडकपणा यायला वापरायचे तीच. गोळीच्या कारखान्यातही हेच होतं. औषधाची पावडर खळीसारख्या चिकट द्रावणात कालवतात, तिचे रवाळ दाणे करतात, ते वाळवतात, आणि मग यंत्रात दाबून गोळी पाडतात.

पण हाच स्टार्च कोरडा, न शिजवता घातला तर नेमकं उलटं काम करतो. पोटातलं पाणी लागलं की तो ते शोषतो, फुगतो आणि गोळी आतून फोडतो. साबुदाणा भिजवल्यावर कसा टम्म होतो, तसं समजा. एकच पदार्थ, शिजवून घातला तर जोडतो, कच्चा घातला तर तोडतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

हे फुटणं वेळेत व्हावं लागतं. भारतीय फार्माकोपियानुसार, म्हणजे आपल्या देशाच्या अधिकृत औषध-मानकांनुसार, साधी, कोटिंग नसलेली गोळी शरीराच्या तापमानाच्या, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटांत विरघळून-फुटून जायला हवी. नाही गेली तर ती बॅच नापास. औषध कितीही शुद्ध असो.

तिसरं काम सगळ्यात मजेशीर. उकडीचे मोदक साच्यात करताना आपण साच्याला तुपाचं बोट फिरवतो, नाहीतर पारी चिकटते. गोळी पाडणाऱ्या यंत्रातही पावडर साच्याला चिकटते. तिथलं तूप म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेट. ते चरबीतल्या किंवा वनस्पती तेलातल्या आम्लापासून करतात. गोळीत ते अगदी थोडं, टक्काभरच्या आसपास असतं. कारण ते पाण्याला दूर ठेवतं. जास्त पडलं तर गोळी पाण्यात भिजायलाच तयार होत नाही. म्हणजे तुपाचं बोट हवं, तुपात बुडवलेला साचा नको.

लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं सेल्युलोज, ताकाच्या निवळीतून काढलेलं लॅक्टोज, हे बाकीचे नेहमीचे भिडू. लॅक्टोजबद्दल कमेंटमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतं, ‘मला दूध पचत नाही, गोळी चालेल का?’ एक कप दुधात साधारण १० ते १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. एका गोळीत सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. त्यामुळे दूध न पचणाऱ्या बहुतेकांना एखाद-दुसऱ्या गोळीने फरक पडत नाही. पण ज्यांना अगदी थोड्यानेही त्रास होतो किंवा जे दिवसाला मूठभर गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना नक्की सांगावं.

आजीची कॅप्सूल

आता मुद्द्यावर येते. हा एपिसोड मी का केला, ते.

माझी आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षं वारी, घरात अंडंसुद्धा नाही. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी तिला वेदनाशामक गोळी दिली, आणि तिने पोटात आम्ल वाढू नये म्हणून सोबत एक कॅप्सूल दिली, ओमेप्राझोलची. सगळं नीट चाललं होतं. मग फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, ‘कॅप्सूलचं कव्हर जनावरांच्या हाडांपासून बनतं!!’ त्याखाली लाल अक्षरांत तीन-चार उद्गारचिन्हं आणि ‘पुढे पाठवा’.

आजी काही बोलली नाही. तिने काय केलं, तर रोज कॅप्सूल उघडायची, कव्हर तुळशीपासून लांब टाकायची, आणि आतले बारीक दाणे खलबत्त्यात कुटून मधातून घ्यायची. तिच्या मते हा उत्तम तोडगा होता. औषधही गेलं, माळही राहिली.

तीन आठवड्यांनी तिला चक्कर आली. शौचाला काळं होत होतं, ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात कळलं की पोटातल्या जखमेतून रक्तस्राव होतोय. वेदनाशामक गोळी रोज पोटात जात होती, पण पोटाला सांभाळणारं औषध जात असूनही जात नव्हतं.

का? कारण तिने कव्हर टाकलं, ते ठीक होतं. पण दाणे कुटले, तिथे घात झाला. ओमेप्राझोल पोटातल्या आम्लात टिकत नाही. म्हणून त्या प्रत्येक बारीक दाण्यावर एक पातळ थर असतो, जो आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावरच विरघळतो. तो थर म्हणजे चिलखत. आजीने खलबत्त्यात रोज ते चिलखत फोडलं, आणि उघडं पडलेलं औषध पोटातच नासून गेलं. तो थर औषध नाही. तो ‘क्यू. एस.’ मध्येच मोडतो.

आजी आता बरी आहे. मी तिला म्हटलं, ‘आजी, तू मला एकदा विचारायचंस तरी!’ तर म्हणाली, ‘अगं, मी माळकरी बाई. हाडं गिळू का, असं कुणाला विचारायचं? डॉक्टर हसला असता.’

आणि फॉरवर्ड, तो खरा होता का? हो, बऱ्याच अंशी खरा होता. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. कॅप्सूलचं नेहमीचं कव्हर जिलेटिनचं असतं. जिलेटिन हे जनावरांच्या हाडांतल्या आणि कातडीतल्या प्रथिनापासून करतात. आपल्याकडे मुख्यतः गुरा-म्हशींच्या हाडांपासून, परदेशात डुकराच्या कातडीपासूनही. पाया सूप थंड झालं की थिजतं ना, ते थिजवणारं तेच. कारखान्यात स्टीलच्या खुंट्या जिलेटिनच्या गरम द्रावणात बुडवून वर काढतात, वर बसलेला थर वाळला की टोपीसारखा ओढून काढतात. एक टोपी मोठी, एक लहान, दोन्ही एकमेकांत बसल्या की कॅप्सूल. जिलेटिनचं कौतुक एवढ्यासाठी, की ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं आणि पोटाच्या उबेत काही मिनिटांत विरघळतं. स्वस्त, आणि वर्षानुवर्षं पारखलेलं.

पर्याय आहे. सेल्युलोजपासून केलेलं वनस्पतीजन्य कव्हर. पाकिटावर एच.पी.एम.सी. अशी चार अक्षरं असली तर ते शाकाहारी. पण अन्नाच्या पाकिटावर असतो तसा हिरवा-तपकिरी ठिपका औषधाच्या स्ट्रिपवर असण्याची सक्ती नाही. त्यामुळे माळकरी असो, जैन असो, मुस्लिम असो, स्ट्रिप बघून कळत नाही. माझं मत विचाराल तर कळायला हवं. लोक औषध घेताना काय गिळतायत हे विचारणं अडाणीपणा नाही. आणि आपण सांगितलं नाही तर फॉरवर्ड सांगतो.

तोवर काय करायचं? डॉक्टरांना किंवा मेडिकलमधल्या फार्मासिस्टला सरळ विचारा, ‘हेच औषध गोळीच्या रूपात आहे का?’ पुष्कळदा असतं. आजीला नंतर त्याच गटातलं औषध गोळीतून मिळालं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता, न कुटता घेता येतात. काही अजिबात उघडायच्या नसतात. कुठली कुठल्या प्रकारची, ते आपण ठरवायचं नाही. आणि ज्या गोळीवर असं चिलखत असतं ती अर्धी तोडायची नाही, कुटायची नाही, दुधात विरघळवायची नाही.

सुताराचा चपडा पोटात

चिलखतावरून आठवलं. हे चिलखत आज बहुतेक वेळा कृत्रिम असतं, पण त्याआधी अनेक वर्षं एक अस्सल देशी पदार्थ हे काम करायचा आणि अजूनही काही ठिकाणी करतो. लाख!

हो, तीच लाख. बांगड्यांची, पार्सलवर सील मारायची, महाभारतातल्या लाक्षागृहाची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखा थर सोडतात. फांद्यांवरून तो खरवडून काढतात. धुऊन त्याचे दाणे होतात, वितळवून पातळ पापुद्रे होतात. सुताराच्या दुकानात जो ‘चपडा’ मिळतो, फर्निचरच्या पॉलिशसाठी, तो हाच. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश ही लाखेची मोठी राज्यं. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूलाही लाखेची शेती होते. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे.

लाखेचा गुण असा की ती आम्लात विरघळत नाही, पण आतड्यासारख्या अल्कधर्मी वातावरणात विरघळते. म्हणजे पोट पार करायचं आणि पुढे जाऊन दार उघडायचं. औषधाला अगदी हवं तेच. शिवाय चमक देते. म्हणून काही गोळ्यांवर, चॉकलेटच्या गोळ्यांवर, परदेशातून आलेल्या चकचकीत सफरचंदांवर ती असते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ९०४ हा आकडा दिसला की समजायचं, लाख.

मग कंपन्या तिला सोडून कृत्रिम पदार्थांकडे का गेल्या? इथे ‘नैसर्गिक’ या शब्दाची दुसरी बाजू दिसते. किडा कुठल्या झाडावर बसला, कुठल्या हंगामात, पाऊस किती झाला, यावर लाखेची प्रत बदलते. साठवून ठेवली तर ती हळूहळू कडक होते आणि उशिरा विरघळायला लागते. बांगडीला चालतं. पण गोळीवरचा थर जानेवारीत २० मिनिटांत विरघळतो आणि पुढच्या जानेवारीत दीड तासात, हे कसं चालेल? हापूसची पेटी दर वर्षी वेगळी लागते, तो आपल्याला लाड वाटतो. औषधात तो दोष.

डिंक, धावडा आणि गवार

डिंकाचे लाडू खाल्लेत? बाळंतिणीच्या हिवाळ्यातले. झाडांच्या डिंकाचं औषधात फार जुनं स्थान आहे. सिरपमधली पावडर तळाशी बसू नये, तेल आणि पाणी वेगळं होऊ नये, म्हणून डिंक. औषधात सर्वाधिक वापरला जाणारा डिंक आफ्रिकेतल्या, विशेषतः सुदानमधल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचा. पण आपल्या धावड्याचा डिंकही जगात जातो आणि त्याचं इंग्रजी व्यापारी नावच ‘गम घाटी’ असं आहे. घाटांतून, खिंडींतून खाली बंदरावर उतरायचा, म्हणून घाटी. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द टोमणा म्हणून वापरणाऱ्यांना हे आवर्जून सांगा!

आणि गवार. होय, भाजीतली. तिच्या बियांचं पीठ, ग्वार गम, पाणी बघता बघता घट्ट करतं. भारत त्याचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आहे, राजस्थान त्यात पुढे. गोळीत, आइस्क्रीममध्ये, शॅम्पूत सगळीकडे ती असते. शॅम्पूच्या बाटलीमागे ‘ग्वार’ने सुरू होणारं एक लांबलचक नाव शोधा. गवारीवर रासायनिक प्रक्रिया करून ते केलेलं असतं, केसांना मऊपणा द्यायला. बाटलीच्या पुढे पानाचं चित्र असतं, आणि मागे हे नाव. दोन्ही खरं आहे, फक्त चित्रावर प्रक्रिया दिसत नाही.

गवारीची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. १९९० च्या सुमारास अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्या विकल्या जात होत्या, मुख्य घटक ग्वार गम. कल्पना अशी, की पोटात जाऊन फुगेल आणि भूक लागणार नाही. पण काही जणांच्या बाबतीत ती पोटात पोहोचायच्या आधी, अन्ननलिकेतच फुगली. माणसं दवाखान्यात गेली, मृत्यूचीही नोंद झाली, आणि त्या गोळ्या बाजारातून काढाव्या लागल्या. गवार तीच, जी आपण शेंगदाण्याचं कूट घालून खातो.

‘बाकीचं’ बदललं की काय होतं

काही जण म्हणतील, बरं, पण शेवटी औषध महत्त्वाचं ना? स्टार्च घातला काय, लॅक्टोज घातलं काय.

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट येणाऱ्या रुग्णांमध्ये अचानक विचित्र लक्षणं दिसू लागली. तोल जाणं, गुंगी. सगळे फेनिटॉइन नावाचं औषध घेत होते, डोस तोच, कॅप्सूल तीच. शोध घेतल्यावर कळलं की कंपनीने फक्त आत भरायची पावडर बदलली होती. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. आधीच्या पावडरमुळे औषधाचा काही भाग शरीरात शोषलाच जात नव्हता आणि डॉक्टरांनी डोस त्या हिशेबाने बसवले होते. लॅक्टोज आल्यावर औषध जास्त शोषलं गेलं आणि तोच डोस जास्तीचा झाला. औषधाच्या एका कणालाही हात न लावता!

२०१७ मध्ये फ्रान्समध्ये थायरॉइडच्या गोळीतून लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं, गोळी जास्त टिकावी म्हणून. हजारो रुग्णांनी त्रास होत असल्याच्या तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्रासाचं नेमकं कारण काय यावर तिथे खूप वाद झाला. पण म्हणूनच आपले डॉक्टर थायरॉइडचा ब्रँड सारखा बदलू नका म्हणतात. बदललाच तर सांगा, म्हणजे रक्त पुन्हा तपासता येईल.

गोड, घट्ट, रंगहीन

आता शेवटचा आणि सगळ्यात जड भाग. एपिसोडमध्ये इथे माझा आवाज थोडा बदललाय, ज्यांनी ऐकलं त्यांनी मेसेज केले होते.

ग्लिसरीन सगळ्यांना माहीत आहे. ओठ फुटल्यावर लावतो, गुलाबपाण्यात घालतो. तेलापासून साबण करताना ते आपोआप सुटं होतं, म्हणजे मूळ नैसर्गिकच. गोड, घट्ट, रंगहीन. कफ सिरपमध्ये ते औषध विरघळवतं, चव देतं, घशाला मऊ लागतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा द्रवही याच कामाला येतो, तो मात्र कारखान्यातला.

आणि अजून एक द्रव आहे. गोड, घट्ट, रंगहीन, पण स्वस्त. डायइथिलीन ग्लायकॉल. तो ब्रेक ऑइलसारख्या औद्योगिक गोष्टींत वापरतात. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. मूत्रपिंडांना कळतो, ती बंद पडतात.

१९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध पातळ करायला हाच द्रव वापरला. शंभरावर माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याचा कायदा आला.

मुंबईत १९८६. जे. जे. रुग्णालयात मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरीन पाजत असत. तिथे ते सहायक घटक नव्हतं, औषध म्हणूनच दिलं जात होतं. पण आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंतचा कारभार उघडा पाडला, आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. घरातल्या मोठ्यांना ‘लेंटिन’ एवढाच शब्द विचारा, त्यांना आठवेल.

मग हा धडा शिकलो का आपण? २०२२ मध्ये गांबियात भारतात तयार झालेल्या सिरपबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, तिथे साठहून जास्त मुलं गेली होती. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा. आपल्या नागपूरपासून काही तासांवर. वीसहून जास्त लहान मुलं. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरलाच आणलं होतं. त्या सिरपच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८ टक्क्यांच्या वर. मानकांनुसार कमाल मर्यादा आहे ०.१ टक्का.

यात मूळ औषधाचा दोष नव्हता. दोष त्या ‘लागेल तेवढं’ मधला. पिंपात काय आलंय ते कारखान्याच्या दारात तपासायचं असतं. पिंपावरचं लेबल वाचणं म्हणजे तपासणी नाही. ही तपासणी प्रत्येक पिंपाची व्हावी हे बघणं कंपनीचं आणि सरकारी यंत्रणेचं काम, तुमचं-माझं नाही. आईने सिरपची बाटली हलवून काय ओळखायचं?

आपल्या हातात आहे ते एवढंच: लहान मुलांना, खासकरून चार वर्षांखालच्या, सर्दी-खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप जातो. बिल घ्या, बाटलीवरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. सिरप दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबत नसल्या तर बाटली सोबत घेऊन ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

कमेंटमधले दोन प्रश्न, पटकन

एकाने विचारलंय, लिपस्टिकमध्ये काय असतं? एरंडेल, मेण, आणि ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण, जे उन्हातही कांडी वितळू देत नाही. हेच मेण गोळ्यांना चमक द्यायलाही वापरतात. लाल रंग काही वेळा निवडुंगावरच्या किड्यांपासून केलेला असतो. घटकांच्या यादीत ‘कारमाइन’ किंवा ७५४७० हा आकडा असेल तर तो किड्यांचा रंग. सौंदर्यप्रसाधनांवर औषधांसारखं ‘क्यू. एस.’ चालत नाही, घटकांची यादी द्यावी लागते आणि टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने. त्यामुळे बाटलीच्या पुढे ‘कोरफड’ मोठ्ठं लिहिलेलं असेल आणि यादीत ती शेवटून दुसरी असेल, तर काय ते समजा.

दुसरा प्रश्न, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं घरगुती कोरफडीचं जेल जास्त चांगलं ना?’ ताजं काढून त्याच दिवशी लावलं तर ठीक. पण बरणीत भरून आठवडाभर बाथरूममध्ये ठेवलंत, तर त्या जेलवर तुमच्याआधी बुरशी हक्क सांगेल. पाणी आणि वनस्पतीचा रस एकत्र आला की जंतूंची पंगत बसते. आणि जाता जाता, औषधंही बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात जिलेटिनच्या कॅप्सूल ओल धरून एकमेकींना चिकटतात.

आजीने हा एपिसोड ऐकला. पूर्ण. स्पीकर मोठा करून, भजनी मंडळातल्या दोघींना शेजारी बसवून. मग विचारते, ‘ते लाखेचं सांगितलंस, म्हणजे त्या नव्या गोळीवर पण किडे आहेत का गं?’ मी मेडिकलमध्ये फोन करून विचारलं, त्यांनी कंपनीला विचारलं. तिच्या गोळीवरचा थर कृत्रिम आहे. आजी म्हणाली, ‘मग घेते.’